बागेतलं दुर्मिळ झाड केव्हा कामाचं? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: उमरेडकडे आमच्या शेताच्या बांधावर बिज्याचं (बिबळ्याचं) जुनं झाड आहे. त्याचं बी वनस्पती उद्यानाला द्यायचं आहे. कसं गोळा करावं? (एक वाचक, नागपूर)

जरूर द्या, पण बियांबरोबर माहितीही द्या. मधुमेहावर म्हणून विकल्या जाणाऱ्या पेल्यांसाठी बिज्याचं लाकूड तोडलं जातं, त्यामुळे बांधावर राखलेलं जुनं झाड मोलाचं आहे.

उन्हाळ्याच्या तोंडी शेंगा तपकिरी आणि कडक झाल्या की झाडावरूनच काढा. खाली पडलेल्या शेंगांना बहुधा कीड लागलेली असते. शेंग चपटी, गोल असते, भोवती पापडासारखा पातळ पंख आणि मधल्या फुगीर भागात एक-दोन बिया. आधी २० शेंगा कापून बघा. निम्म्याहून जास्त पोकळ निघाल्या तर यंदा थांबा. तयार बियांपैकी पाचव्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. बाकीचं बी झाडाखाली उगवण्यासाठी राहू द्या. शेंगा कापडी किंवा कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये बुरशी येते.

पिशवीवर गाव, गट क्रमांक, मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश, तारीख आणि खोडाचा घेर लिहा. जवळपास बिज्याची आणखी किती झाडं आहेत तेही लिहा. पानाफुलांची एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून, वाळवून सोबत द्या, म्हणजे ओळखीबद्दल शंका उरत नाही. उद्यान या बियांना नोंद क्रमांक देतं आणि रोपावर तोच लावतं. क्रमांकाची पट्टी हरवली की झाड कुठलं, कोणत्या झाडाचं, काही सांगता येत नाही. मग ते सावली देतं, पण संवर्धनाच्या कामाचं राहत नाही.

दुसरी गोष्ट संख्येची. एका झाडाची सगळी रोपं भावंडं असतात. तेवढ्यावरच वन उभं केलं तर पुढच्या पिढीत आपसातल्या संकरामुळे बी कमजोर होतं. म्हणून जाणकार उद्यानं एका भागातल्या शक्यतो ५० झाडांचं बी घेतात आणि प्रत्येक झाडाची पिशवी वेगळी ठेवतात. तुमची पिशवी त्या ५०पैकी एक ठरू शकते.

प्रश्न: बीजपेढीत, म्हणजे बिया जपून साठवतात तिथे, बी वर्षानुवर्षं टिकतं म्हणतात. मी मोहाच्या बिया उन्हात वाळवून फ्रिजमध्ये ठेवल्या, एकही उगवली नाही. (एक वाचक, रामटेक)

चूक फ्रिजची नाही. मोहाचं बी वाळलं की आतला गर्भ मरतो. ते पावसाळ्याच्या सुरुवातीला पडतं आणि लगेच रुजायला तयार असतं. गर काढून, बी धुऊन आठवड्याच्या आत ओलसर वाळूत २ सेंटिमीटर खोल पेरा. सोटमूळ झपाट्याने खाली जातं, त्यामुळे निदान २५ सेंटिमीटर उंचीची पिशवी घ्या. आखूड पिशवीत मूळ गुंडाळतं आणि झाड पुढे उन्हाळ्यात वाळतं.

बीजपेढीत टिकतात त्या वाळणं सोसणाऱ्या बिया. त्या १५ अंश सेल्सिअस आणि १५ टक्के आर्द्रतेत वाळवून, हवाबंद करून उणे २० अंशांवर ठेवतात. घरी करायचं तर सावलीत वाळवा. नागपुरातलं मे महिन्याचं ऊन बियांना भाजून काढतं. वाळलं का, याची साधी खूण: बरणीत थोड्या बिया आणि पूर्ण कोरडं मीठ घालून हलवा. थोड्या वेळाने मीठ बरणीला चिकटलं तर बी अजून ओलं आहे. ऑगस्टच्या दमट हवेत बरणी उघडी राहिली तर वाळलेलं बी पुन्हा ओल धरतं.

मोहासारख्या वनस्पतींसाठी उद्यानातली जिवंत झाडं हीच पेढी. दुसरा मार्ग गर्भ काढून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवण्याचा. त्याला प्रयोगशाळा लागते.

प्रश्न: नर्सरीतून आणलेली शिंदळ माकुडी गच्चीवर छान वाढली. फांद्यांची रोपं करून सह्याद्रीतल्या गडांवर लावू का? (एक वाचक, धरमपेठ)

नको. शिंदळ माकुडी ही सह्याद्रीच्या कड्यांवरची दुर्मिळ, मांसल वनस्पती. फांदीपासून केलेली सगळी रोपं म्हणजे तेच एक झाड. हजार लावली तरी वैविध्य एकाचंच. नर्सरीच्या रोपाचं मूळ ठिकाणही माहीत नसतं. कुंडीतल्या मातीतून तणाचं बी आणि पिठ्या ढेकूण कड्यावर पोहोचतात. उद्यानात वेगळी अडचण येते: जवळच्या जाती शेजारी फुलल्या की संकर होतो. म्हणून जाणती माळीमंडळी फुलावर जाळीची पिशवी बांधून हातानेच परागण करतात. गच्चीवरचं रोप हौसेने वाढवा, एप्रिल-मेमध्ये ५० टक्के शेडनेटखाली ठेवा आणि पाणी माती पूर्ण सुकल्यावरच द्या.

प्रश्न: जंगलातून कळलावीचा कंद आणला तर चालेल का? (एक वाचक, काटोल)

नाही. राखीव वनातून तो काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. शिवाय कंदाच्या दोन्ही फाट्यांच्या टोकालाच डोळा असतो. खणताना टोक मोडलं तर कोंभ येत नाही. नर्सरीतून घ्या, ५-६ सेंटिमीटर खोल आडवा ठेवा, हात धुवा. सगळी वनस्पती विषारी आहे. फुलं संपून पानं पिवळी पडली की पाणी बंद करा आणि कुंडी पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोरडी ठेवा.