त्वचेचे प्रश्न : पालकाचा रस आणि लसणाची साल

प्रश्न : शहापूरला आमची छोटी खानावळ आहे. वय 41. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं, तिन्हींची टोकं कोरडी पडून चिरतात. चटणी-मीठ लागलं की जीव जातो. डॉक्टरांनी इसब सांगितलं, मलम दिलं. ते लावलं की बरं वाटतं, थांबवलं की पुन्हा तेच. नणंद म्हणते, रक्त बिघडलंय. तिचं ऐकून वांगं, दही, अंडी, मासे, शेंगदाणे सोडले आणि रोज उपाशीपोटी पालकाचा कच्चा रस घेते. उन्हाळा संपला तरी फरक नाही. आणखी कोणत्या पालेभाज्या खाव्यात?
– एक भगिनी, बेळगाव

उत्तर : ताई, भाज्यांचं नंतर बोलू. आधी सांगा, खानावळीतला लसूण कोण सोलतं?

तुम्ही उजव्या असाल तर पाकळी डाव्या हाताच्या याच तीन बोटांत धरता आणि सुरी उजव्या हातात असते. लसणात डायअलिल डायसल्फाइड नावाचं द्रव्य असतं. रोजच्या रोज ते त्याच जागी मुरत गेलं की काहींच्या कातडीला त्याची ॲलर्जी होते आणि नेमकी तीच टोकं फुटतात. आचारी आणि खानावळवाल्या बायकांत आम्ही हे वरचेवर पाहतो. नणंदेला माझ्यातर्फे विचारा, बिघडलेल्या रक्ताला डाव्या हाताचीच तीन बोटं कशी सापडली?

खात्री पॅच टेस्टने होते. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर दोन दिवस चिकटवतात, मग दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी कातडी तपासतात. तोवर लसणाचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. पातळ रबरी हातमोजे घालून सुटका नाही, हे द्रव्य त्यातून आत शिरतं. आमटीतला शिजलेला लसूण मात्र बहुतेकांना बाधत नाही, तेव्हा फोडणी बेचव करू नका.

दिवसातून किती वेळा हात पाण्यात आणि भांड्यांच्या साबणात जातात, तेही बघा. प्रत्येक वेळी हात टिपून लगेच साधं पेट्रोलियम जेली लावा, रात्री जाड थर देऊन वर सुती हातमोजे घाला. डॉक्टरांचं मलम त्यांनी सांगितलं तितके दिवस लावा. स्टेरॉइड म्हटलं की घाबरून अर्ध्यात सोडायचं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. याच्या उलट रोग म्हणजे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘खाजेचं मलम’. त्यात कडक स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं कालवलेलं असतं. ते नकोच.

आता पालेभाज्या. मेथी, राजगिरा, शेपू, चाकवत, आपली पुंडी, सगळ्या खा. लोह, फोलेट, अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल, चोथा, हे सगळं त्यांतून मिळतं आणि जोंधळ्याच्या भाकरीबरोबर गोडही लागतं. पण अमुक भाजीने इसब बरं होतं, असं कोणत्याही भाजीबद्दल सिद्ध झालेलं नाही. कच्चा पालकरस तर मी आजच बंद करायला सांगेन. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवणारं द्रव्य, भरपूर. ज्यांना मुतखडा होतो त्यांना रोजचा पेला महागात पडतो. शिवाय खोट्या दागिन्यांत असतो तो निकेल धातू पालकातही असतो. खोट्या कानातल्यांनी तुमच्या पाळ्या चिघळतात का? जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज येते का? तसं असेल तर निकेलची ॲलर्जी असू शकते. अशा काहींच्या तळहातावर पालक, काजू, शेंगदाणे, कोको यांनी पाणीदार फोड वाढतात. तुमच्या पत्रात फोडांचा उल्लेख नाही, त्यामुळे पालकाची भाजी सोडायचं काही कारण मला दिसत नाही. दही, अंडी, मासे परत सुरू करा. वांगंही.

प्रश्न : खानापूर तालुक्यात शेती आहे. वय 56. पावसाळा लागला की पापण्या, मान, कोपराची खोबण लाल होऊन सुजते, खाजून रक्त येतं. थंडीत कमी होतं. टाकळ्याची भाजी खाऊन आणि बी वाटून लावून हे जातं का?
– एक शेतकरी

उत्तर : भाऊ, टाकळा कोवळा असताना जरूर खा, पावसाळ्यात त्याच्यासारखी भाजी नाही. पण त्याचं बी वाटून फुटलेल्या कातडीवर थापू नका, आग होईल आणि जखम चिघळेल.

तुमच्या बांधावर काँग्रेस गवत आहे, हे न बघता सांगतो. 1955-56च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेलं हे गाजर गवत आता आपल्या प्रत्येक पडीक तुकड्यात आहे. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याने इसब होतं. वाळलेल्या पानाफुलांचा चुरा वाऱ्यावर उडून उघड्या अंगावर बसतो, म्हणून तोंड आणि मान आधी धरतात. 1984मध्ये बंगळूरकडे त्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडले होते. ते पानं खातात, पण तुमच्या बांधासाठी त्यांची वाट बघू नका. फुलं येण्याआधी गवत मुळासकट उपटायला लावा, दुसऱ्याच्या हातून आणि हातमोजे घालून. पेटवू नका. शेतातून आल्यावर आधी आंघोळ, कपडे वेगळे. झेंडू आणि शेवंती याच कुळातली, तेव्हा तोडणीच्या वेळी जपून. करडईची भाजीही त्यातलीच. निवडताना हात चुरचुरले तर ती दुसऱ्याला निवडू द्या. पापण्यांवर स्वतःच्या मनाने कोणतंही मलम लावू नका, डोळ्यांचा मामला आहे.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलाच्या गालावर आणि गुडघ्यामागे इसब आहे. सासूबाईंनी दूध बंद करून पालकाचं पाणी सुरू केलंय. चालेल का?
– एक आई, निपाणी

उत्तर : नाही. दुधातल्या कॅल्शियमपैकी साधारण तिसरा हिस्सा अंगी लागतो, पालकातल्या कॅल्शियमचा जेमतेम विसावा. दूध प्यायल्यावर दोन तासांच्या आत अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा उलट्या होत असतील, किंवा नीट उपचार करूनही इसब आटोक्यात येत नसेल, तरच दुधाचा संशय घ्यायचा, आणि तोही बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, दोन ते चार आठवडे दूध थांबवून मग पुन्हा देऊन तपासायचा. तसं काही होत नसेल तर दूध आजपासून सुरू करा, नाचणीची आंबीलही द्या. कोमट पाण्याने झटपट आंघोळ घाला आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर क्रीम लावा. सासूबाईंना पालक द्यायचाच असेल तर वरणात शिजवून द्यायला सांगा.