समुद्राकाठी निवांत सुट्टी हवी आणि गजबजही हवी? मग मुंबईच

भाऊ, तुम्ही विचारलंय की जळगावहून आई, बायको आणि नऊ वर्षांच्या पोराला घेऊन डिसेंबरात चार-पाच दिवस समुद्राकाठी जायचंय, धावपळ नको, पण सामसूम गावही नको, संध्याकाळी बाहेर पडलं की माणसं दिसली पाहिजेत, आणि आईचे गुडघे दुखतात, तर गोवा बरं की दमण. मी म्हणेन दोन्ही राहू द्या, मुंबईला जा.

आपल्या खान्देशातल्या माणसाला मुंबई म्हटलं की काय आठवतं? टाटा हॉस्पिटल, मंत्रालयात अडकलेली फाइल, पोराचा इंटरव्ह्यू. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी सीएसएमटीच्या वेटिंग रूममध्ये तोंड धुवायचं, दिवसभर काम आणि परत रात्रीची गाडी. फार तर कुणाच्या ओळखीने आकाशवाणी आमदार निवासात एक रात्र. जळगावहून रेल्वेने ४२० किलोमीटर, आपल्या दाराशी असलेला समुद्र, आणि आपल्याकडे कितीतरी घरं अशी आहेत की तीन पिढ्या मुंबईला जाऊन आल्या पण मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर तासभर कुणी बसलं नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं लांबण लावतोय.

आता मुख्य गोष्ट. राहायचं ते दक्षिणेला, चर्नी रोड ते कुलाबा या पट्ट्यातच, चर्चगेट, फोर्ट, गिरगाव कुठेही चालेल. भाडं थोडं जास्त पडेल म्हणून लोक वाशी नाहीतर अंधेरीला रूम घेतात आणि मग अर्धी सुट्टी लोकलमध्ये जाते. या पट्ट्याचं वैशिष्ट्य असं की इथे मुंबई एकदम चिंचोळी आहे, दोन्ही बाजूंनी समुद्र. सकाळी गेट वे ऑफ इंडियाला गेलात तर समोर बंदरावर सूर्य उगवतो, आणि संध्याकाळी तोच सूर्य मरीन ड्राइव्हवरून बुडताना दिसतो, आणि या दोन जागांमध्ये टॅक्सीने थोडंसंच अंतर. एका गावात दोन्ही बघायला मिळतं हे आपल्यासारख्या कोरड्या मुलखातल्या माणसाला फार भारी वाटतं बरं का.

रूम बुक करताना फोन करून एकच विचारा, खिडकी बाहेर उघडते का. जुन्या लॉजमध्ये प्लायवूड मारून पाडलेल्या खोल्या असतात, फोटोत चकाचक दिसतात पण हवा येत नाही. आणि लिफ्ट आहे का तेही विचारा, जुन्या बिल्डिंगांचे जिने उंच असतात, आईला त्रास होईल.

मरीन ड्राइव्हचं सांगतो, कारण तुमची सुट्टी मुख्यतः तिथेच जाणार आहे, जाऊ द्या. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंत साडेतीन किलोमीटरच्या आसपासचा वळलेला रस्ता, कडेने सलग रुंद कट्टा, पलीकडे सिमेंटचे चार पायांचे मोठे टेट्रापॉड टाकलेत, लाट त्यांच्यावर फुटते. दुपारच्या उन्हाने कट्टा तापलेला असतो, साडेपाचला बसलात तर खालून ऊब आणि समोरून खारा वारा. चहावाला सायकलवरून येतो, कॉलेजची पोरं, ऑफिस सुटलेली माणसं, कुत्र्याला फिरवणाऱ्या म्हाताऱ्या बाया, वाळूवर खेळून आलेली लेकरं, सगळे एकाच रांगेत समुद्राकडे तोंड करून बसलेले, कुणी कुणाकडे बघत नाही. गर्दी आहे पण अंगावर येत नाही. तुम्ही जी गजबज आणि निवांतपणा एकत्र मागताय ना, तो इथे आहे. दिवे लागले की वळणावर दिव्यांची माळ, म्हणजे तो राणीचा हार दिसतो, तोवर उठू नका.

माझी आई अमळनेरची, आयुष्यभर तापी बघितलेली. तिला पहिल्यांदा तिथे बसवलं तेव्हा बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपली तापी आठेच येस का?" मी म्हटलं इथे नाही, वर सुरतकडे मिळते, पण समुद्र हाच. मग ती रोज संध्याकाळी स्वतःहून चप्पल घालून तयार.

मुंबई दर्शनची बस मात्र घेऊ नका. सिद्धिविनायक, हाजी अली, जुहू, सगळं एका दिवसात, आई तर बसमधून उतरायलाच कंटाळेल. रोज सकाळी एकच ठिकाण ठेवा, दुपारी जेवून झोपा, संध्याकाळ कट्ट्यावर. पोरासाठी एक सकाळ गेट वेहून बोट. घारापुरीच्या लेण्यांना जाणारी बोट तासभर घेते, डिसेंबरात सीगल पक्षी बोटीच्या मागे लागतात, एकदम हाताच्या अंतरावर हवेत तरंगतात, पिवळे डोळेसुद्धा दिसतात, पोरगं येडं होईल. लेण्यांपर्यंत शंभरच्या वर पायऱ्या आहेत, आईला जमणार नसेल तर डोलीवाले असतात, नाहीतर गेट वेहूनच बंदरात छोटी चक्कर मारून आणणाऱ्या बोटी आहेत, त्यात बसवा. पण जमलं तर आईलाही वर न्या, ती त्रिमूर्ती बघण्यासारखी आहे. सोमवारी लेणी बंद, आणि राणीबाग, म्हणजे भायखळ्याचं प्राणीसंग्रहालय, बुधवारी बंद, तिथे पेंग्विन आहेत तेव्हा पोराला त्या हिशोबाने न्या.

एखाद्या सकाळी नुसतं ओव्हल मैदानाच्या कडेने चाला. एका हाताला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दुसऱ्या हाताला आर्ट डेको शैलीतल्या जुन्या इमारती, मध्ये पोरं क्रिकेट खेळतात. २०१८ पासून हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत आहे पण तिथली पोरं त्याकडे बघतही नाहीत, त्यांना फक्त बॉल कुठे गेला ते हवं असतं. तिथून सीएसएमटी ते नरिमन पॉइंटचं एनसीपीए नाट्यगृह अशी जाणारी ११५ नंबरची एसी डबल डेकर दिसली तर वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसा. आता मेट्रो ३ पण कफ परेडपर्यंत झालीये, स्टेशनांवर लिफ्ट आहेत, आईसाठी लोकलपेक्षा तीच बरी.

वाळकेश्वरला बाणगंगा नक्की करा. समुद्राला इतकी खेटून तळी आणि पाणी गोडं, आजूबाजूला मंदिरं, बदकं, पायऱ्यांवर बसलेली माणसं. आईला तिथून हलवायचं नाही, आम्ही आमच्या आईला हलवलं तर रागावली होती.

खाण्याचं. तुम्ही शाकाहारी असाल तर सकाळचा नाश्ता एकदा माटुंग्याला करा, इडली आणि फिल्टर कॉफीसाठी, टॅक्सीचे पैसे वसूल. मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ सालचं इराणी हॉटेल, तिथे बन मस्का चहात बुडवून खायचा, घाई करायची नाही. मासे खात असाल तर ताजे बोंबील. आपल्याकडे बाजारात सुके बोंबील आणि सुकट मिळते, त्यावरून बोंबील कसा असतो ते कळतच नाही. ताजा बोंबील हातात धरला तर थरथरतो, पाणीच पाणी असतं त्यात, दाबून पाणी काढतात, रवा लावून तळतात, बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ लोणी. सोबत सोलकढी. आपल्या तिखटाची सवय असलेल्याला पहिल्या घासाला फिकं वाटेल, दुसऱ्याला नाही वाटणार.

चौपाटीवर पाण्यात जाऊ देऊ नका पोराला, पाणी स्वच्छ नाही. पाय भिजवायचेच असतील तर एक दिवस गेट वेहून मांडव्याची फेरीबोट, पुढे अलिबागला बस त्याच तिकिटात असते, किनारा मोकळा आहे. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे काल सकाळी पाणी आत होतं म्हणून आज त्याच वेळेला असेल असं धरू नका, हॉटेलवाल्याला विचारा.

स्वेटर वगैरे जळगावच्या थंडीच्या हिशोबाने भरू नका, तिथे डिसेंबरात रात्रीसुद्धा एक पातळ शाल बस होते. रेल्वेचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, नाताळच्या आठवड्यात जाणार असाल तर ते उघडेल त्याच दिवशी सकाळी बसून काढा, आईला लोअर बर्थ टाका. नंदुरबार, अमळनेरकडून कुणी येणार असेल तर सुरतेवरून येणारी खान्देश एक्सप्रेस सोयीची. परतीची गाडी रात्रीचीच घ्या, सकाळी रूम सोडून सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवा, शेवटची संध्याकाळही कट्ट्यावर मिळते आणि तिथून स्टेशन टॅक्सीने जवळच आहे.