विद्यापीठाचा विंगर: आधी खेळाडू, मग कोच?

प्रश्न: मुलगा २० वर्षांचा आहे, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. शिवाजी विद्यापीठाच्या फुटबॉल संघात डाव्या विंगला (कडेने आक्रमण करणारा) खेळतो, पेठेच्या संघातही आहे. ‘कॉलेज सोडून मुंबईला जातो, प्रोफेशनल होतो, पाय थकले की कोच होतो,’ म्हणतो. एका एजंटाने ट्रायलसाठी ४० हजार मागितलेत. काय करावं? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर: आधी ते ४० हजार. देऊ नका. खेळाडू आवडला तर क्लब त्याला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. खऱ्या एजंटाकडे फिफाचं लायसन्स असतं आणि त्याचं नाव फिफाच्या यादीत तपासता येतं. त्याची कमाई खेळाडूच्या करारातून होते, ट्रायलच्या फीमधून नव्हे.

आता वयाचं. ऐकायला कडू लागेल, पण कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. म्हणजे मोठ्या क्लबांच्या नजरेत मुलं पंधरा-सोळाव्या वर्षीच येतात. विसाव्या वर्षी विद्यापीठातून थेट आयएसएलमध्ये, म्हणजे देशातल्या अव्वल इंडियन सुपर लीगमध्ये, जाणं फार विरळा. २०२५-२६ चा हंगाम तर व्यावसायिक हक्कांच्या कराराचा घोळ झाल्याने वेळेवर सुरूच झाला नाही, तेव्हा त्या एका दारावर सगळी भिस्त ठेवू नका. तुमच्या मुलासाठी व्यवहार्य दारं म्हणजे मुंबईची लीग, राष्ट्रीय लीगचे खालचे विभाग, आणि रेल्वेसारखे खात्यांचे संघ.

कॉलेज सोडण्यात खरा तोटा इथेच आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला २५ वर्षांपर्यंत खेळता येतं, पण नाव कॉलेजच्या पटावर असेल तरच. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातली खुली भरती १८ ते २५ वयाची. त्यात साधारण ४० गुण ट्रायलला, ५० कामगिरीला आणि १० शिक्षणाला असतात. गल्लीतल्या स्पर्धेचा ‘मॅन ऑफ द मॅच’ तिथे चालत नाही. कोणत्या स्पर्धेतला कितवा क्रमांक धरतात, हे जाहिरातीत बघा. प्रत्येक प्रमाणपत्रावर पूर्ण नाव, जन्मतारीख, स्पर्धेचं नाव व वर्ष दहावीच्या दाखल्याशी जुळतंय ना, ते आत्ताच तपासा. स्पेलिंगच्या फरकाने ऐनवेळी अर्ज अडकतो.

ट्रायलला विंगर कुठे मार खातात, ते मुलाला सांगा. चेंडू पायात आला की ते मान खाली घालतात आणि तीन जणांना चकवायला जातात. निवडणारा मात्र चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागे पाहिलं का, पहिल्या स्पर्शात चेंडू मोकळ्या जागेत नेला का, आणि चेंडू गेल्यावर मागच्या बचावपटूच्या मदतीला परत धावला का, हे बघतो. सत्तराव्या मिनिटानंतरची धाव तर हमखास बघतो. पेठेच्या मॅचमध्ये एका झटक्यावर शिट्ट्या मिळतात, इथे तोच झटका वीस वेळा मारावा लागतो. व्हिडिओ चार-पाच मिनिटांचा ठेवा, गाणं घालू नका, प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला त्याच्याभोवती वर्तुळ दाखवा. गोलच गोल नकोत, बचावाच्या क्लिपाही हव्यात. सोबत एका पूर्ण सामन्याची लिंक द्या.

आणि ‘मग कोच’ हा क्रम चुकतोय. कोचिंग खेळतानाच सुरू होतं. खेळ कधी सुटेल सांगता येत नाही. खालिद जमील यांचंच पाहा: महिंद्रा युनायटेड, एअर इंडियाकडून खेळले, दुखापतीने मैदान सुटलं, २००९ पासून मुंबई एफसीचा मुख्य संघ सांभाळला, २०१७ मध्ये आयझॉल क्लबला आय-लीग ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली आणि २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा प्रशिक्षकांसाठीचा डी लायसन्सचा कोर्स १८ वर्षं पूर्ण झाली की करता येतो. त्यापुढे सी, बी, ए, प्रो अशा पायऱ्या, आणि मधल्या काळात प्रत्यक्ष संघ शिकवल्याचा अनुभव लागतो. म्हणून त्याने याच वर्षी डी करावा आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी १२ वर्षांखालच्या मुलांना शिकवायला घ्यावं. त्याची तारीखवार वही ठेवावी. जागा मोजक्या असतात, त्यामुळे ‘वीफा’च्या, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्याच्या संघटनेच्या, सूचनांवर लक्ष असू द्या. प्रात्यक्षिकात चांगले खेळाडूच जास्त अडखळतात: स्वतः खेळून दाखवण्यात वेळ घालवतात, मुलं रांगेत उभी राहतात. खेळ थांबवावा, एकच चूक दाखवावी, अर्ध्या मिनिटात पुन्हा सुरू करावा. शाळेत नोकरी हवी असेल तर पदवीनंतर बी.पी.एड. लागेल, नुसतं लायसन्स पुरत नाही.

क्लबचा कागद आला तर सही करण्याआधी चार गोष्टी वाचा: मुदत, पैसे कोणत्या तारखेला, दुखापतीत उपचाराचा खर्च व पगार कोणाचा, मुदतीआधी सोडायचं झालं तर काय. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला तर नऊ-दहा महिने जातात, तेव्हा तिसरं कलम तोंडी आश्वासनावर सोडू नका. शिवाय दुसरीकडे खेळायला क्लबची परवानगी लागते का, हेही विचारा. करारात असताना पेठेच्या संघाकडून उतरला, तर तो वाद त्याच्या अंगावर येईल.