अँटिबॉडी मागवण्याआधी

भावा, एलएफए-१ वर (पांढऱ्या पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) काम करायचंय म्हणून त्याचाच एक भाग असलेल्या सीडी१८ विरुद्धची दिसेल ती मोनोक्लोनल अँटिबॉडी मागवू नकोस. काही क्लोन (एकाच लक्ष्याविरुद्धच्या अँटिबॉडीचे वेगवेगळे वाण) सीडी१८ वर नुसते बसतात, काही पेशींचं चिकटणं अडवतात, काही तर उलट वाढवतात. आधी क्लोनचं नाव बघ, मग किंमत. चिकटणं अडवायच्या प्रयोगाला सोडियम अझाइड (टिकवण्यासाठी घालतात ते) नसलेलीच घे, अझाइड पेशींना विषारी. बफरमध्ये मॅग्नेशियम हवंच, एलएफए-१ ला चिकटायला ते लागतं. मी एकदा सवयीनं मॅग्नेशियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलं, आयकॅम-१ वर (एलएफए-१ ज्याला चिकटतं ते प्रथिन) पेशी टिकेनात आणि दोन दिवस बिचाऱ्या अँटिबॉडीला शिव्या घातल्या! आयसोटाइप कंट्रोल (तुलनेसाठी त्याच प्रकारची, पण सीडी१८ ला न बसणारी अँटिबॉडी) तर लागतोच. आणि पार्सल शुक्रवारी कोल्हापुरात पोचेल असं मागवू नकोस, सोमवारपर्यंत गोदामात तापत पडतं. रंग जोडलेल्या अँटिबॉडीची बाटली गोठवायची नाही. ४ अंशांवर, अंधारात ठेव.