‘अरेनमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

अमेरिकेतल्या खटल्याच्या बातमीत ‘अरेनमेंट’ आलं तर मराठीत ‘अटक’ लिहावं की ‘आरोपनिश्चिती’, असा प्रश्न आहे.

अटक तर नक्कीच नाही. आरोपनिश्चिती जवळची, पण तिच्यात न्यायालयाने काय केलं तेवढंच येतं. अरेनमेंटमध्ये आरोपीला पुढे बोलावून, आरोप वाचून दाखवून ‘गुन्हा कबूल आहे का?’ असं त्यालाच विचारतात. त्याच्या तोंडचं उत्तर हाच या शब्दाचा गाभा.

शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळाशी लॅटिन ‘रातिओ’ म्हणजे हिशेब. आपलं ‘जाब विचारणं’ अगदी त्याच वळणाचं आहे, फक्त त्यात दटावणीचा सूर असल्याने बातमीत चालणार नाही.

इंग्लंडात या उत्तरावाचून सारं अडे. गंभीर गुन्ह्यातला आरोपी मुद्दाम गप्प राहिला तर ज्यूरीपुढे खटलाच उभा राहत नसे. मग त्याला उताणं निजवून, तो बोलेपर्यंत किंवा मरेपर्यंत अंगावर वजनं चढवत जात. यॉर्कमध्ये १५८६ साली मार्गारेट क्लिथरो ही बाई अशीच चिरडून मारली गेली. तरी काही जण गप्पच राहत, कारण दोषी ठरलं की मालमत्ता जप्त होई. जबाब न देता मेलं तर ती वारसांना राही. १७७२ साली हा छळ थांबला, पण गप्प राहणारा दोषीच धरला जाऊ लागला. मौन म्हणजे ‘गुन्हा नाकबूल’ अशी नोंद करायची मुभा न्यायालयाला मिळाली ती १८२७ साली. माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाच.

आपल्याकडे सत्र खटल्यात हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२८ खाली चाले, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५१ खाली चालतं. आरोप नुसता वाचायचा नसतो, आरोपीला समजावूनही सांगायचा असतो. बहुतेकांचं उत्तर ‘कबूल नाही’ असतं. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबादेत राजद्रोहाचे आरोप वाचून झाल्यावर गांधीजींनी मात्र ते सगळे कबूल केले आणि पुरावा न घेताच शिक्षा झाली.

म्हणून बातमीत मी सरळ लिहीन : ‘आरोप वाचून दाखवल्यावर त्याने गुन्हा नाकबूल केला.’ आपले वकील इंग्रजीत ‘आरोपी क्रमांक दोन म्हणून अरेन केलं’ म्हणतात, तेव्हा मात्र अर्थ ‘आरोपी केलं’ एवढाच असतो. तिथे कबुलीचा उल्लेख घालू नका.