डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक कॅरेक्टर बनून फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ) स्ट्रीम करणार असशील तर आधी हे वाच

अरे कॅमेरा-माइक नंतर घे, आधी टेबलावरची माणसं एकमेकांचं ऐकतात का ते बघ. क्रिटिकल रोल हा डी अँड डी खेळतानाचा ऑनलाइन शो २०१५ ला सुरू झाला तेव्हापासून लोक तीन-तीन चार-चार तासांचे एपिसोड बघतायत, तिथली मंडळी व्हॉइस अ‍ॅक्टर आहेत हे खरंय पण मला सगळ्यात भावतं ते म्हणजे एकाचा सीन चालू असताना बाकीचे जीव लावून ऐकतात आणि त्यांचे चेहरे बघून आपण पण खिळून बसतो. तुझ्या प्लेयर्सना सांग, दुसऱ्याच्या कॅरेक्टरला प्रश्न विचारा, "तू घर का सोडलंस?" एवढ्यावर पण अर्धा तास मस्त जातो.

फासा टाकायच्या आधी काय पणाला लागलंय ते डीएमनी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) स्पष्ट बोलायचं, म्हणजे "हुकलं तर पूल तुटणार आणि तुझा भाऊ पलीकडेच राहणार", मग वीस बाजूंच्या फाशावर १ पडो नाहीतर २०, बघणारा श्वास रोखूनच बसतो. रूल्सवरून अडलं तर डीएमनी निर्णय देऊन पुढे जायचं, पुस्तक नंतर उघडा. फाईट रेंगाळली की लोक उठतात, म्हणून पाळी येण्याआधीच ज्याने त्याने ठरवून ठेवायचं. आणि हो, पहिले दोन-तीन सेशन कॅमेऱ्याशिवायच खेळा.