वाचकांचे प्रश्न : थेट प्रक्षेपणातील तुकड्यांची नावे आणि प्लेलिस्टचे पर्याय

प्रश्न : आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह होतो. ऊसतोडीला गेलेल्या आणि पुण्यात नोकरीला असलेल्या गावकऱ्यांसाठी आम्ही रात्रीचे कीर्तन एफएफएमपेग या चित्रण रूपांतरित करणाऱ्या प्रोग्रॅमच्या साहाय्याने एचएलएस पद्धतीने थेट दाखवतो. मध्येच लाइट गेली की संगणक बंद पडतो, आणि कमांड पुन्हा सुरू केल्यावर काही जणांना मघाचेच अभंग दिसतात, तर काहींच्या मोबाइलवर नुसते चक्र फिरत राहते. कीर्तन संपल्यावर ते सुरुवातीपासून पाहताही येत नाही. नावे आणि प्लेलिस्टचे पर्याय कसे ठेवावेत? — एक वाचक, केज, जि. बीड

उत्तर : आपल्या पहिल्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. एकदा वापरलेला क्रमांक आणि त्यावरून पडलेले नाव दुसऱ्या तुकड्याला पुन्हा दिले जात आहे. एचएलएसमध्ये चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे पडतात आणि त्यांचा क्रम सांगणारी प्लेलिस्ट दर काही सेकंदांनी नव्याने लिहिली जाते. प्लेलिस्ट सतत बदलणार, पण तुकडा एकदा तयार झाला की बदलणार नाही, हे गृहीत धरूनच सीडीएनचे (प्रेक्षकांपर्यंत फाइली पोहोचवणाऱ्या सर्व्हरांच्या जाळ्याचे) आणि प्रेक्षकाच्या ब्राउझरचे कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, काम करते. आपली कमांड नव्याने सुरू झाली की मोजणी शून्यापासून लागते. सातव्या क्रमांकाचा नवा तुकडा तयार होतो खरा, परंतु त्याच नावाचा तासाभरापूर्वीचा तुकडा सीडीएनकडे जपून ठेवलेला असल्याने प्रेक्षकाला तोच पाठवला जातो. फिरणाऱ्या चक्राचा उगम प्लेलिस्टमधील मीडिया सीक्वेन्स या आकड्यात आहे; यादी कोणत्या क्रमांकाच्या तुकड्यापासून सुरू होते ते हा आकडा सांगतो. सहा सेकंदांच्या तुकड्यांनी चाळीस मिनिटांत ४०० पर्यंत गेलेला हा आकडा एकदम शून्यावर आला, की पुढच्या तुकड्याची वाट पाहणारा प्लेअर गोंधळतो. एचएलएसचे नियम सांगणाऱ्या २०१७ च्या आरएफसी ८२१६ या दस्तऐवजानुसार हा आकडा कधीही कमी होता कामा नये.

उपाय सोपा आहे. 'एचएलएस स्टार्ट नंबर सोर्स' या पर्यायाला 'इपॉक' हे मूल्य द्यावे. (प्रत्यक्ष कमांडमध्ये हे शब्द अंडरस्कोरने जोडलेले असतात, येथे वाचनाच्या सोयीसाठी मोकळी जागा ठेवली आहे.) असे केल्याने मोजणी शून्याऐवजी १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांच्या संख्येपासून सुरू होते, आणि फाइलच्या नावातील अनुक्रमांकही तोच राहतो. तुकडा सहा सेकंदांचा असल्याने अनुक्रमांक सहा सेकंदांत एकाने वाढतो, तर घड्याळ तेवढ्यात सहाने पुढे जाते. त्यामुळे पुन्हा सुरू झालेली मोजणी आधीच्या मोजणीच्या नेहमी पुढेच असते आणि नावाची पुनरावृत्ती होऊ शकत नाही. याच्या जोडीला 'एचएलएस फ्लॅग्ज'मध्ये 'अपेंड लिस्ट' द्यावे. त्यामुळे जुनी प्लेलिस्ट वाचून नवे तुकडे तिच्या शेवटी जोडले जातात आणि सांध्यावर डिसकंटिन्युइटीची, म्हणजे खंड पडल्याची, खूण पडते, जेणेकरून कालगणना तुटल्याचे प्लेअरला कळते.

'एसटीआरएफटाइम' हा पर्याय चालू करून तुकड्याच्या नावात तारीख आणि वेळही घालता येते. असे नाव माणसाला वाचायला सोयीचे असते, पण त्याने मीडिया सीक्वेन्सचा प्रश्न सुटत नाही, म्हणून आपल्या कामासाठी मी इपॉकच सुचवीन.

मात्र दोन्ही मार्ग संगणकाच्या घड्याळावर विसंबून आहेत. आपण रास्पबेरी पाय ४ सारखा छोटा संगणक वापरत असाल तर त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. लाइट परत आल्यावर इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत तो मागची वेळ दाखवू शकतो. कमांड आपोआप सुरू होत असेल तर ती वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल अशी व्यवस्था करावी, किंवा सरळ आरटीसी मॉड्यूल, म्हणजे बॅटरीवर चालणारे घड्याळ, बसवावे. जुन्या प्लेलिस्टमधील आकडा मोठा असेल तर अपेंड लिस्ट तोच आकडा पुढे चालवते, हा एक आधार आहे. परंतु प्लेलिस्ट रॅममधील फोल्डरात ठेवली असेल तर लाइटबरोबर तीही गेलेली असते.

आता कीर्तन नंतर सुरुवातीपासून पाहण्याविषयी. 'एचएलएस लिस्ट साइझ' काही सांगितले नाही तर ५ असते, म्हणजे प्लेलिस्टमध्ये शेवटचे पाच तुकडेच राहतात. 'एचएलएस प्लेलिस्ट टाइप'ला 'इव्हेंट' हे मूल्य दिल्यास कोणताही तुकडा यादीतून गळत नाही; उशिरा जोडला गेलेला प्रेक्षकही मागे जाऊन कीर्तन पाहू शकतो. दोन तासांच्या कीर्तनाचे सहा सेकंदांप्रमाणे १२०० तुकडे होतात आणि तेवढी यादी चालून जाते. सबंध सप्ताहाची एकच यादी मात्र करू नये, कारण प्लेअर ती दर काही सेकंदांनी पूर्ण उतरवून घेत असतो. प्रत्येक रात्रीच्या कीर्तनासाठी तारखेचे वेगळे फोल्डर आणि त्यातच वेगळी प्लेलिस्ट ठेवावी. काल्याचे कीर्तन शोधणाऱ्यालाही ते सोपे जाईल.

दिवसभराचे पारायण केवळ थेट दाखवायचे असेल, तर यादी दहा तुकड्यांची ठेवून 'डिलीट सेगमेंट्स' हा फ्लॅग द्यावा. त्यासोबत 'एचएलएस डिलीट थ्रेशोल्ड' वाढवून दहापर्यंत न्यावे. यादीतून गेलेले किती तुकडे डिस्कवर राहू द्यायचे ते या पर्यायाने ठरते आणि मुळात तो केवळ १ असतो. फडावर रेंज कमी असलेला मोबाइल जुनी यादी घेऊन तुकडा मागायला येतो, तेव्हा तो पुसला गेलेला असला तर प्रक्षेपण तिथेच अडते.

'एचएलएस टाइम' ६ दिले तरी तुकडे दहा सेकंदांचे पडत आहेत का, हेही पाहावे. तुकडा फक्त की-फ्रेमवर, म्हणजे आधीच्या फ्रेमवर अवलंबून नसलेल्या पूर्ण चित्रावर, कापता येतो. एक्स२६४ हा एन्कोडर (चित्रण आकाराने लहान करणारा प्रोग्रॅम) मुळात जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर की-फ्रेम टाकतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर दर दहा सेकंदांनी. दृश्य बदलले तर तो आधीही टाकतो, पण कीर्तनकारांवर स्थिर लावलेल्या कॅमेऱ्यात दृश्य बदलतच नाही. दोन की-फ्रेममधील कमाल अंतर ठरवणारा 'जी' हा पर्याय ५० ठेवल्यास निदान दर दोन सेकंदांनी की-फ्रेम मिळते आणि तुकडे सहा सेकंदांच्या आसपास नेमके कापले जातात. थेट प्रक्षेपणात प्लेअर शेवटापासून तीन तुकड्यांइतका मागे राहून सुरू होत असल्याने, दहाऐवजी सहा सेकंद झाले की विलंबही तीस सेकंदांवरून अठरावर येतो.

सर्व्हरवर तुकड्यांना वर्षभराची कॅश-मुदत द्यायला आता हरकत नाही. प्लेलिस्टला मात्र एक-दोन सेकंदांपेक्षा अधिक देऊ नये.

प्रश्न : आमच्या शिकवणी वर्गाची ध्वनिचित्रमुद्रित व्याख्याने आम्ही विंडोजवर बॅच फाइल चालवून एचएलएसमध्ये बदलतो. ५० मिनिटांच्या व्याख्यानाचे शेवटचे काही सेकंदच दिसतात, आणि कधी भौतिकशास्त्राच्या व्याख्यानात रसायनशास्त्राचे चित्र येते. — एक वाचक, लातूर

उत्तर : शेवटचे काही सेकंद दिसतात ते वर सांगितलेल्या पाच तुकड्यांच्या मर्यादेमुळे. मुद्रित व्याख्यानासाठी प्लेलिस्ट टाइप 'व्हीओडी' द्यावा. मग यादी पूर्ण राहते. विषयांची सरमिसळ होते कारण सर्व व्याख्यानांचे तुकडे एकाच फोल्डरात एकाच नावाने लिहिले जात आहेत आणि नंतरचे व्याख्यान आधीच्या फाइलींवर उमटत आहे. प्रत्येक व्याख्यानाला स्वतंत्र फोल्डर द्यावे आणि प्लेलिस्टमध्ये तुकड्यांची नुसती नावे ठेवावीत, पूर्ण पत्ता घालू नये, म्हणजे पुढे सर्व्हर बदलला तरी फोल्डर जसेच्या तसे हलवता येईल. आपण एमपी४ प्रकारचे तुकडे करत असाल तर त्यांच्या आरंभीच्या माहितीची 'इनिट' ही फाइलही मुळात एकाच नावाने तयार होते, त्यामुळे केवळ तुकड्यांची नावे बदलून भागत नाही.

'एचएलएस सेगमेंट फाइलनेम'मध्ये अनुक्रमांकासाठी टक्का-चिन्ह, शून्य, अंकांची संख्या आणि डी हे अक्षर लिहितात. दोन सेकंदांचे तुकडे असतील तर ५० मिनिटांचे १५०० होतात, तेव्हा तीनऐवजी पाच अंक ठेवावेत. प्लेअरला तीन अंकही चालतात, पण हजाराच्या पुढे अक्षरक्रमाने लावलेल्या फाइलींचा क्रम विस्कटतो. बॅच फाइलमध्ये हे टक्का-चिन्ह दोनदा लिहावे लागते. एकदाच लिहिले तर विंडोज टक्का आणि शून्य या जोडीच्या जागी बॅच फाइलचेच नाव घालते, आणि एफएफएमपेगपर्यंत अनुक्रमांकाची जागा पोहोचतच नाही.